पहिला हिसका

नाना जेवायला बसले की भाकरीआधी ताटाकडे बघत. आमच्या घरची जमीन शेणाने सारवलेली, कुठे उंच तर कुठे खोल. ताट एका बाजूला कलायचं आणि वरणाचा ओघळ भाकरीखाली शिरायचा. बाकीचे लोक अशा वेळी ताट थोडं फिरवून घेतात आणि जेवतात. नाना मात्र उठत, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात हात घालून सायकलच्या ट्यूबचा तुकडा शोधत, तो ताटाखाली सारत, मान तिरकी करून बघत, तुकडा काढून त्याची घडी करत आणि पुन्हा सारत. तोवर भाकरी गार झालेली असे. माय चुलीपुढून म्हणायची, "आते ताट खातस का भाकर?" नाना हसत, पण लक्ष त्या तुकड्यावरच. माझे वडील असे होते. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो.

आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. एसटी जिथे थांबायची तिथेच नानांचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि खाली मांडलेला पसारा. सायकलचं पंक्चर काढणं, विहिरीवरची मोटर खोलणं, कोळप्याची पास, म्हणजे खालचं पातं, वळवून देणं अशी कामं तिथे चालत. दुकानात मावलं नाही की लोखंड घरी येई. ओसरीत, मोरीच्या कट्ट्यावर, माझ्या अंथरुणाच्या उशाशीसुद्धा. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानाला पहिला आवाज यायचा तो कानशीचा, लोखंडावर पुढे-मागे होणारा, दात आंबवणारा. त्या आवाजावर मी पाढे पाठ केले, कविता पाठ केल्या. शेजारच्या जिजाअक्का दारातून आत बघत आणि म्हणत, "नाना, तुम्हनं घर शे का भंगारनं दुकान शे?" नाना म्हणत, "दोन्ही शे, अक्का. तुमले काय पाह्यजे?"

त्यांनी केलेल्या बहुतेक गोष्टी कुणीही मागितलेल्या नव्हत्या. वाऱ्याने आपोआप हलणारं, पाखरं उडवायचं डबडं त्यांनी केलं, तर त्याच्या आवाजाने आमचाच बैल बुजला. भुईमुगाच्या शेंगा फोडायचं एक चाक केलं, त्यातून शेंगांबरोबर दाणेही फुटून निघाले. ते दाणे मायने कूट म्हणून आठवडाभर भाजीला वापरले आणि एका शब्दाने काही बोलली नाही. मोडलं, फसलं की नाना एक दिवस गप्प असत. दुसऱ्या दिवशी पुन्हा कानस सुरू. मला लहानपणी वाटायचं की हा काहीतरी आजार आहे. अंगात उष्णता असते तशी ही हातात असते.

पुढे मी शिकले, आमच्या घरातली पहिली पदवी घेतली आणि धुळ्यात मुलांना यंत्रं शिकवण्यात आयुष्य गेलं. आता निवृत्त झाले तरी मुलांच्या प्रदर्शनांना परीक्षक म्हणून बोलावतात. मुलं चकचकीत फलक लावतात, त्यावर वरच्या ओळीत लिहिलेलं असतं की गरजेतून ही कल्पना सुचली. मी मान डोलावते. पण घरी परतताना रिक्षात बसल्यावर ते वाक्य मला टोचत राहतं. गरज तर माझ्या मायला होती. कितीतरी वर्षं होती. तिच्यापासून हाताच्या अंतरावर एक माणूस रोज लोखंड घासत बसलेला होता, आणि त्या गरजेतून काहीच सुचत नव्हतं. का, ते सांगण्यासाठी मला बारावीच्या वर्षातल्या त्या उन्हाळ्याच्या तोंडाची हकिगत लिहायला हवी.

कापूस वेचून झाला की वावरात उरते पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. ती उपटल्याशिवाय पुढची नांगरट होत नाही. थंडी सरलेली असते, जमीन दगडासारखी आवळलेली असते आणि झाडाचं मूळ सरळ खाली गेलेलं असतं. बाई कमरेत वाकते, हाताला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळते, बुंध्याला धरते आणि हिसका देते. एक झाड झालं की पुढचं, एक ओळ झाली की पुढची. सगळं वावर. संध्याकाळी ह्याच पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजायची, काळी ठिक्कर झालेली सालं काढून, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी उखळात ठेचायची आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ते भरीत खायचं. त्या भरताची चव अजून माझ्या जिभेवर आहे. पण ज्या हातांनी माय ते ठेचायची त्या हातांना उभ्या चिरा पडलेल्या असत आणि मिरचीचा रस त्यात जाई. ती हात झटकायची आणि पुन्हा ठेचायला लागायची. दुखतं असं म्हणायची नाही. आमच्याकडे कुणीच बाई म्हणत नसे. पऱ्हाटी उपटणं हे बायांचं काम होतं, आणि पुरुषाने त्यात हात घातलेला मी तोवर पाहिला नव्हता.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी माय वावरात वाकली ती तशीच राहिली. जिजाअक्का आणि मी तिला दोन्ही बाजूंनी धरून बांधावर आणलं. चोपड्याच्या डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाई, आता वाकून ओढायचं काम बंद. ऐकलं नाहीत तर एक दिवस वाकाल आणि पुन्हा सरळ होणार नाही." परतताना एसटीत माय खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "डॉक्टरले काय, त्याना घर कोठे पऱ्हाटी शे."

संध्याकाळी चुलीपाशी आम्ही तिघं बसलो होतो. मी चोपड्याला बारावी सायन्सला होते. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर होती आणि ती बुडाली तर वर्षच बुडणार होतं. आमच्यासारख्या घरात मुलीचं एक वर्ष बुडालं की पुढचं आपोआप बुडतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वर्गातल्या दोघी अशाच घरी बसल्या होत्या आणि परत आल्या नव्हत्या. मजूर लावून वावर साफ करून घेण्याइतकी आमची ऐपत नव्हती.

नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "रत्ने, थोडा रोज कॉलेज ऱ्हाऊ दे." म्हणजे थोडे दिवस कॉलेज सोड.

माय आडवी पडली होती. तिथूनच बोलली, "पोर वावरमा येवाव नई. तिनी परीक्षा शे."

"मंग तू जाशी?"

"मी जासू."

"डॉक्टर नई म्हने."

"मंग कोन जाई?"

चुलीत पऱ्हाटी तडतडत होती. तिसरं माणूस घरात बसलेलं होतं, धडधाकट, दंडात बळ असलेलं. पण मायच्या मनात ते आलं नाही, माझ्या आलं नाही, आणि नानांच्या तर नाहीच नाही. शेवटी नाना म्हणाले, "माले थोडा रोज द्या. मी काहीतरी करस." आणि उठून ओसरीत गेले. लोखंड हलवल्याचा आवाज आला. तेव्हा मला त्यांचा अभिमान वाटला. आज मला त्या उठण्यात आणखी एक गोष्ट दिसते. वावरात चार दिवस वाकण्यापेक्षा एक नवं यंत्र बनवणं त्यांना सोपं वाटलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. जगातली निम्मी यंत्रं अशीच, एखादं काम आपल्याला करावं लागू नये म्हणून उठलेल्या माणसांनी केलेली असावीत असा मला संशय आहे.

मग घराला घर राहिलं नाही. जुन्या मोटरचा लोखंडी पाइप त्यांनी दांड्यासाठी काढला. ट्रॅक्टरच्या पाट्याचे तुकडे कापून त्यांचा जबडा केला, त्याला दात पाडले. सायकलला बांधून सगळं चोपड्याला नेलं आणि वेल्डिंग करून आणलं. कल्पना साधी होती. जबड्यात बुंधा पकडायचा, त्याच्या मागे जमिनीवर टेकू आणि टेकूच्या मागे लांब दांडा. दांडा खाली दाबला की जबडा वर येतो आणि झाड मुळासकट बाहेर. शाळेतल्या तरफेच्या धड्यात असतं तेच. नाना दुकान उघडायला विसरू लागले. गिऱ्हाईक घरी शोधत येई आणि नाना त्याच्याच हातात दांडा देऊन म्हणत, "जरा दाब बरं." जेवताना बोटाने ताटात तरफ काढत. मी रोज कॉलेजला जात होते आणि रोज संध्याकाळी एसटीतून उतरताना वावराकडे बघत होते. पऱ्हाटी जशीच्या तशी उभी. आजूबाजूची वावरं मोकळी होत चालली होती, आमचं तेवढं करड्या काट्यांचं राहिलं होतं. माय भिंत धरून घरात फिरू लागली होती आणि एकदोनदा मी तिला हाताला पट्टी गुंडाळून दाराशी उभी असलेली पाहिली.

हा जबड्याचा चिमटा तयार झाला तेव्हा नानांनी त्याला हिरवा रंग दिला. आमच्या वावरात नेण्याआधी तो पोपटआबांच्या वावरात न्यायचं ठरलं, कारण पोपटआबा गावातले मोठे शेतकरी आणि त्यांचं वावर रस्त्याला लागून, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार. निम्मं गाव जमलं. सगळे पुरुष. बाया लांब, बाभळीच्या सावलीत पाण्याच्या कळशा घेऊन उभ्या. नानांनी जबडा लावला, दांडा कपाळासमोर धरला आणि अंगाचा भार देऊन खाली दाबला. कट्ट असा आवाज झाला आणि झाड मातीच्या ढेकळासकट उडून बाहेर पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग प्रत्येकाला एकेक झाड उपटायचं होतं. म्हातारे आले, शाळेचे गुरुजी आले, एसटी थांबवून कंडक्टर उतरला आणि त्यानेही एक उपटलं. पोपटआबा नानांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "नांव काढं गावनं. पुढला बाजारले हाऊ चिमटा जामनेरले लई चाला, आख्खा जिल्हा देखी." त्या दिवशी नानांचा चेहरा जसा होता तसा मी पुन्हा क्वचित पाहिला. तहानलेल्या माणसाने गार पाणी प्यावं तसा.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी आम्ही आमच्या वावरात. नाना, मी, माय आणि शेजारच्या वावरातल्या ओळीत जिजाअक्का. मायने पदर खोचला, चिमटा बुंध्याला लावला आणि वर बघितलं. दांड्याचं टोक तिच्या डोक्याच्या वर होतं. नानांच्या कपाळाला लागणारा दांडा मायला हात उंच करून पकडावा लागत होता. ती त्याला लोंबकळली. दांडा थोडा खाली आला आणि थांबला. जिजाअक्का हसू दाबत म्हणाल्या, "झोका शे का हाऊ?" मायही हसली. पुन्हा लोंबकळली. एक झाड निघालं. मग तो सगळा लोखंडाचा भार उचलून पुढच्या झाडाशी न्यायचा होता. तिने तो उचलला, दोन पावलं टाकली आणि पाठीला हात लावून मटकन खाली बसली. चेहरा पांढरा पडला होता.

मी धावले. नाना जागचे हलले नाहीत. ते चिमट्याकडे बघत होते. मग म्हणाले, "आखो थोडा जोर लावना पडी."

मायने त्यांच्याकडे बघितलं. मी तिला इतक्या वर्षांत त्यांच्याकडे असं सरळ बघताना पाहिलं नव्हतं.

"जोर ऱ्हाता त हाई कसाले लागतं माले?"

नाना दांड्यावरची माती पुसू लागले.

"काल बठ्ठासनी उपटी देखं. म्हातारासनी देखं, गाडीवालानी देखं. माले कोनी इचारं? पऱ्हाटी कोन उपटस? माणसे उपटतस का?"

जिजाअक्कांनी मान खाली घातली. नानांनी चिमटा खांद्यावर टाकला आणि वावरातून निघून गेले. जाताना त्यांची पावलं इतकी भरभर पडत होती की दांड्याचं टोक मागे पऱ्हाटीला लागून मोडलेल्या काड्यांचा आवाज येत होता.

दोन दिवस घरात कानस वाजली नाही. हिरवा चिमटा भिंतीला टेकून उभा. आवाज नसलेलं घर मला झोपू देईना, अभ्यास करू देईना. पुस्तक उघडलं की तेच दिसायचं, की दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो. नानांचं चुकलेलं नव्हतं. नियम बरोबर होता. फक्त तो दांडा जिच्या हातात द्यायचा ती नियमात कुठेच नव्हती. हे मला आज इतकं नीट मांडता येतं. तेव्हा नुसती चीड आली होती, नानांची, पुस्तकाची, त्या उभ्या पऱ्हाटीची.

मंगळवारी सकाळी मी कॉलेजचे कपडे न घालता नानांचा जुना सदरा अंगात घातला, हाताला पट्टी गुंडाळली आणि वावराची वाट धरली. वाट दुकानावरूनच जाते. नाना बाकावर बसले होते. समोर चोपड्याची एसटी उभी होती, तिच्यात माझ्या वर्गातल्या मुली होत्या. मी एसटीच्या दाराला वळसा घालून पुढे गेले. नानांनी मला पाहिलं. मागे एसटी सुरू झाल्याचा आवाज ऐकला, पण मी वळून बघितलं नाही.

अर्धी ओळ झाली असेल तेव्हा बांधावर सावली पडली. नाना दुकान बंद करून आले होते. चिमटा आणला नव्हता. थोडा वेळ ते नुसते उभे राहिले, इकडे रस्त्याकडे, तिकडे माझ्याकडे बघत. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, हाताला गुंडाळलं आणि माझ्या शेजारच्या ओळीत वाकले.

रस्त्यावरून जाणारी माणसं थांबली. सायकली थांबल्या. पोपटआबांची बैलगाडी थांबली. आबांनी गाडीतूनच हाक मारली, "काय नाना, आते लुगडं बी नेसी ल्या."

नाना वर न बघता म्हणाले, "धाडी द्या, आबा. पन मन्हा मापनं धाडा."

आबा हसत गेले, पण ती गोष्ट गावभर झाली. नानांच्या मानेवर आलेला लालीचा पट्टा उन्हाचा नव्हता हे मला कळत होतं. तरी ते वाकलेलेच राहिले. सुरुवातीला जोरात उपटत होते, मग हळू, मग एकेक झाड धरून थांबू लागले. एखादं झाड अर्धं हलवून सोडून देत आणि पुन्हा धरत. मला वाटलं, दमले. दुपारी आम्ही बाभळीखाली बसलो. शिदोरीत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा होता. भाकरी मोडता येईना, इतके त्यांचे हात सोलले होते. ती मी मोडून दिली. ते खाता खाता म्हणाले, "पहिला हिसकालेच माणूस मरस. एकदाव मूळ सुटनं का मंग ती सोताहून येस. एक हातवरी येस."

मी म्हटलं, "हां."

"तुले माहीत व्हतं?"

"बठ्ठी बायास्ले माहीत शे. मायले इचारा."

त्यांनी घास खाली ठेवला. मग जे झालं ते त्यांच्या चेहऱ्यावर मी बघू शकत होते. गावासमोर झाड ढेकळासकट उडवायच्या नादात त्यांनी सगळं काम यंत्राकडून करून घेतलं होतं, म्हणून ते यंत्र एवढं लांब आणि एवढं जड झालं होतं. मायला सगळं नकोच होतं. तिला फक्त तो पहिला हिसका नको होता. बाकीचं ती करणार होती, कशीही करणार होती. ते उठले. मी म्हटलं, "भाकर त खाई ल्या." पण ते बांध ओलांडून गेले होते.

मी घरी आले तेव्हा माय ओसरीत उभी होती आणि नाना तिच्यासमोर गुडघ्यावर बसलेले, हातात सुतळी. जमिनीपासून तिच्या गुडघ्यापर्यंत सुतळी लावत, गाठ मारत. मग कोपरापर्यंत, गाठ. मग तिचा पाय सुतळीवर ठेवायला सांगून टाचेपासून बोटांपर्यंत, गाठ.

"नीट उभी ऱ्हाय."

"कसाले पन?"

"माप लेवानं शे."

माय म्हणाली, "इतला वरीसमा कधी पोलकानं माप बी नई लिधं तुम्ही." आणि हसू आलं तेव्हा तिने तोंडाला पदर लावला. नानांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण त्यांनी गाठ मारायचं थांबवलं नाही. मग विचारू लागले. हात कुठे ठेवायला बरा वाटतो, पायाने दाबलं तर पाठीला लागतं का, उजव्या पायाने का डाव्या. माय आधी एकेका शब्दात उत्तरं देत होती. तिला असलं कुणी विचारलेलं नव्हतं, आणि आपलं शरीर कुठे कुठे दुखतं हे सांगायचे शब्द तिच्याजवळ तयार नव्हते. ती बोट ठेवून दाखवत होती. "आठे. वाकनं का आठे. आनि उचलताना तठे, खाले." मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभी होते आणि ऐकत होते. त्यातली निम्मी दुखणी मलाही नवी होती.

रंग दिलेला दांडा नानांनी करवतीने कापला तेव्हा मी दुसरीकडे बघत होते. पण त्यांचा हात थांबला नाही. पाइपाच्या जागी सायकलच्या सांगाड्याची हलकी नळी आली. टेकू जबड्याच्या अगदी जवळ सरकला, म्हणजे दांडा आखूड होऊनही जोर तेवढाच राहिला. झाड आता फक्त वीतभर वर यायचं, उडायचं नाही. मागे पाय ठेवायला पाटलं बसवलं, पेडलसारखी एक पट्टी, म्हणजे हातांऐवजी अंगाचं वजन कामाला येईल. घरात कानस पुन्हा वाजू लागली आणि मी तिच्या आवाजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं वाचू लागले. चुकवलेल्या दिवसाचं सरांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं, आणि त्यांनी मला कॉलेज सुटल्यावर थांबवून राहिलेला प्रयोग स्वतः करून घेतला. त्या सरांचे उपकार मी विसरले नाही.

नवा चिमटा बघायला गाव जमलं नाही. पोपटआबा तेवढे आले, एक झाड हललेलं बघून म्हणाले, "हाई त आरधंच काम करस," आणि गेले. जामनेरच्या बाजाराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, नानांनीही नाही. जिजाअक्का मात्र बराच वेळ चिमट्याकडे बघत राहिल्या. दुसऱ्यांच्या वावरात मजुरीने पऱ्हाटी उपटण्यावर त्यांचं घर चालायचं. त्या म्हणाल्या, "नाना, एक बाई दोन बायास्नं काम करी आते. मंग दुसरी बाई काय करी?" नाना चिमट्याचे दात बोटाने चाचपत राहिले. आता ट्रॅक्टरमागे एक यंत्र येतं आणि उभ्या पऱ्हाटीचा भुगा करत जातं. वावरात एकही बाई नसते. मी प्रदर्शनात मुलांना जिजाअक्कांचा तो प्रश्न विचारते. बहुतेक मुलं फलकाकडे बघू लागतात. मलाही उत्तर सापडलेलं नाही, पण प्रश्न विचारायचा मी सोडत नाही.

माझी प्रात्यक्षिक परीक्षा संपली त्या संध्याकाळी मी एसटीतून उतरले आणि घरी न जाता वावराकडे निघाले. वाटेतच ते दोघं भेटले. माय पुढे, ताठ चालत, हातात रिकामी कळशी. नाना मागे, चिमटा खांद्यावर. वावराचा मोठा तुकडा मोकळा झालेला लांबूनच दिसत होता, आणि उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग. मी मायला विचारलं, "पाठ?" ती म्हणाली, "शे तथीच," म्हणजे आहे तिथेच आहे. मग मान मागे वळवून, पण थांबल्याशिवाय, नानांशी चाललेलं बोलणं तिने पुढे चालू केलं.

"बारीक झाडवर दात घसरतस. जाडावर नई घसरत. पाटलामा चप्पल गुतस. आनि तो टेकू जमीनमा घुसस, त्याना खाले काहीतरी फळी लावा."

नाना "हां, हां" करत होते.

"चूल बी धूर करस," माय म्हणाली. "तिनं तोंड उलटं शे. आनि विहिरनी दोर हात कापस. आनि मोरीनं पानी..."

"चुलनं नंतर," नाना म्हणाले, पण त्यांची चाल भरभर झाली होती आणि ते आता तिच्या बरोबरीला आले होते. "आखो काय?"

माय थांबली. रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागून एक बैलगाडी येत होती, गाडीवान हाका मारत होता, तरी ती बाजूला झाली नाही. नाना तिच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या कपाळावर आठी पडली होती. आपल्याला आणखी काय काय खुपतं, हे ती आठवत होती.